साखरेच्या पोत्यामागची वही

दसरा-दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर एक सोहळा ठरलेला असतो. बॉयलर पेटतो, पूजा होते, नारळ फुटतो आणि संचालक, आमदार, कधी एखादे महाराज असे सगळे मिळून गव्हाणीत उसाची मोळी टाकतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो येतो. एका मोळीवर दहा-बारा हात. ती मोळी ज्यांनी तोडली, पाला सोलून बांधली, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवली, त्यांचे हात मात्र बहुधा त्या फोटोत नसतात. ते पुढच्या फडात असतात.

कंपन्यांच्या कामकाजातली आणि पुरवठा साखळीतली आधुनिक गुलामी कशी रोखावी, हा या पुस्तिकेचा विषय. तिची प्रस्तावना गव्हाणीपाशी सुरू करण्याचे कारण साधे आहे. आज गव्हाणीत पडलेला ऊस उद्यापर्यंत साखर होतो. साखर पोत्यात, पोती ट्रकमध्ये आणि ट्रक शीतपेयांच्या, बिस्किटांच्या, खोकल्याच्या औषधांच्या कारखान्यांत. तिथल्या खरेदी विभागात बसलेल्या माणसाच्या टेबलावर या पोत्याची कुंडलीच असते: एस-३० की एम-३०, ओलावा किती, इकुम्सा रंगमूल्य काय, गंधकाचा अंश किती. एक कागद तेवढा नसतो. तो बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावर, मुकादमाच्या घरात, खुंटीला टांगलेल्या पिशवीत असतो. मुकादमाची वही.

वहीत फार काही नसते. नाव, गाव, तारीख, ‘एक कोयता’, रक्कम, अंगठा किंवा सही. सोबत कधी शंभर-पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहून घेतलेला करार, कधी सही केलेला कोरा धनादेश. कोयता म्हणजे हत्यार खरे, पण वहीतला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. एका कोयत्याच्या नावापुढे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे कितीही आकडा असू शकतो. ही उचल. आणि नाव बहुतेक वेळा एकच, नवऱ्याचे. बायको फडात त्याच्याइतकीच, मोळ्या वाहण्यात त्याच्याहून जास्त राबते, पण वहीत ती त्या ‘एक’ या आकड्यात गडप झालेली असते.

उचल वाटली जाते पावसाळ्यात. शेतात पेरणी झालेली, हातात पैसा नाही, पोरांच्या शाळा सुरू होतात, कुणाचे दवाखान्याचे देणे असते, कुणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात खरिपाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही. बँकेच्या दारात या माणसाला कुणी उभे करत नाही. मुकादम मात्र घरी येतो, नोटा मोजून देतो आणि चहा पिऊन जातो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, नांदेड, नाशिकचा काही भाग, जळगाव इथून दर हंगामाला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकच्या सीमाभागाकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत जातात. अंदाजांत एवढी तफावत का, तर हजेरीपट ठेवणे ही कुणाचीच जबाबदारी नव्हती. ज्या उद्योगात दोनशेच्या आसपास कारखाने आणि साखरेच्या प्रत्येक पोत्याची नोंद आहे, त्यातली माणसे मात्र अंदाजाने मोजली जातात.

फडातला दिवस पहाटे सुरू होतो आणि तो संपतो केव्हा ते गाडीवर अवलंबून. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा. राहायला उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी; पाणी मिळेल तिथून; आडोसा उसाचाच. एखाद्या दिवशी ताप आला, पाळीच्या दुखण्याने उठवले नाही, तर तो ‘खाडा’. खाड्याचा दंड दिवसाला पाचशे, कुठे हजार. म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी तर जातेच, वर अंगावरचे कर्ज वाढते. कारखान्याच्या काट्यावर वजन होते ते गाडीचे. टोळीचा हिशेब टनावर आणि जोडीचा हिशेब टोळीत. आपण नेमका किती टन ऊस तोडला हे जोडीला शेवटी मुकादमाच्या तोंडूनच कळते.

हिशेब मांडूनच पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या संपाच्या दबावानंतर तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरू. उचल एक लाख असेल तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न करता. हंगाम शंभर दिवसांचा निघाला तर दोनशे टनांचे ७३,२०० रुपये होतात. शंभर दिवस दोघांनी राबून अंगावर २६,८०० रुपये बाकी. यात मधल्या काळात किराण्यासाठी घेतलेली खर्ची अजून धरलेली नाही. उसाचे वाढे पेंड्या बांधून विकले तर चार पैसे सुटतात, तेवढेच. पट्टा पडतो, कारखाना बंद होतो, टोळी गावाकडे निघते आणि बाकी पुढच्या वर्षीच्या पानावर जाते.

याला गुलामी म्हणायचे का? हा प्रश्न कारखान्यांच्या बैठकांत हमखास येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. माणसे आपणहून येतात, उचल स्वतः मागतात, दरवर्षी त्याच मुकादमाकडे जातात. मग साखळदंड कुठे आहेत? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० च्या करारात सक्तीच्या श्रमाच्या व्याख्येसाठी दोनच कसोट्या ठेवल्या: काम दंडाच्या धाकाखाली करून घेतलेले असणे आणि माणूस त्याला स्वखुशीने तयार झालेला नसणे. पुढे याच संघटनेने ओळखीच्या ११ खुणा सांगितल्या. कर्जाने बांधणे, मजुरी रोखून ठेवणे, फसवणूक, धमकी, एकटे पाडणे, कागदपत्रे ताब्यात घेणे, हालचालीवर बंधने, अमर्याद कामाचे तास, राहण्याजोगी नसलेली जागा, मारहाण, लाचारीचा गैरफायदा. ही यादी हातात घेऊन फडाच्या बांधावर उभे राहिले, तर सगळ्याच खुणा प्रत्येक टोळीत दिसतील असे नाही. काही मुकादम टोळीतल्या आजारी माणसाला स्वतःच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात नेतात. पण पहिली खूण जवळजवळ सगळीकडे दिसेल.

संघटनेच्या २०२२ मधल्या जागतिक अंदाजानुसार २०२१ साली सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामीत होती. त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात, बाकीची सक्तीच्या विवाहात. सक्तीचे श्रम करून घेणारे बहुतांश खासगी क्षेत्रातलेच, सरकारे नव्हेत. हे आकडे मोठे आहेत म्हणूनच निसटतात. वहीतला २६,८०० चा आकडा निसटत नाही.

मराठीला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. म्हणजे तिकडच्या कापसाच्या मळ्याचा आणि इकडच्या शेताचा संबंध दीडशे वर्षांपूर्वीच जोडलेला आहे. वेठबिगार हा शब्द तर सरकारी कागदांतही रुळला. वसई-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेचा जन्म १९८० च्या दशकात अशाच माणसांना सोडवण्यातून झाला. सालगडी म्हणजे दर वेळी वेठबिगार नव्हे, आणि खावटी म्हणजे दर वेळी फास नव्हे. पण कर्ज देणारा आणि काम देणारा एकच असला की दोहोंमधली रेघ पुसट होत जाते, हे गावाकडच्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. समजावावे लागते ते शहरातल्या कार्यालयात.

कायद्याने हे केव्हाच स्पष्ट केले आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा अध्यादेश ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. आगाऊ रक्कम घेतली म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावे लागणे, दुसरीकडे काम करण्याचे किंवा हवे तिथे जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे, हे त्यात वेठबिगारीच ठरते. असे कर्ज कायद्याने रद्द होते. आणि हे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा १९८२ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल तर त्यामागे भूक आणि गरिबीची सक्ती आहे असे मानावे, आणि ती राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेलीच सक्ती आहे, असा तो निकाल होता. फरिदाबादच्या दगडखाणींबाबतचा बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल १९८३ चा. कायदा आणि निकाल इतके भक्कम असूनही उचलीची वही पन्नास वर्षे तशीच चालू आहे, ती कायद्याच्या फटीतून नव्हे, कागदोपत्री रचनेतून.

ती रचना पाहण्यासारखी आहे. ऊस शेतकऱ्याचा. तो तोडून आणण्याची जबाबदारी कारखान्याची. पण कारखाना मजुरांशी करार करत नाही. तो किंवा त्याच्याशी संलग्न तोडणी-वाहतूक संस्था करार करते ट्रक-ट्रॅक्टरवाल्या वाहतूकदाराशी आणि त्याला आगाऊ रक्कम देते. वाहतूकदार मुकादमाला देतो. मुकादम कोयत्याला देतो. पैसा कारखान्याच्या वर्तुळातून निघून चौथ्या हातात पोहोचतो तेव्हा तो कर्ज झालेला असतो, आणि नाते कुणाचे कुणाशी, या प्रश्नावर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा. एक विरोधाभास तर कुणाच्या लक्षातही येत नाही. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या सावकारीतून शेतकरी सुटावा म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्याच्या बाबतीत त्या प्रयोगाने खूप काही साधले. वही मात्र जळली नाही, तिच्यातली नावे बदलली.

स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता, त्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागत असे. पण तो आंतरराज्य स्थलांतरासाठी. शिरूर कासारची जोडी बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्याला गेली तर त्या कायद्यात बसे, त्याच रस्त्यावर थोडे अलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यात थांबली तर नसे. कोयत्याची धार दोन्हीकडे सारखीच.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळात पोहोचली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. डॉक्टरांचा लोभ, कर्करोगाची घातलेली भीती, कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे, फडातली अस्वच्छता अशी अनेक कारणे पुढे आली. पण त्यांच्या मुळाशी खाडाही होता. महिन्यातले तीन-चार दिवस दंडात घालवणे ज्या घराला परवडत नाही, त्या घरात असे निर्णय होतात. पुढे मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांच्या शोधवृत्ताने या फडांपासून कोका-कोला आणि पेप्सिको या कंपन्यांच्या पुरवठा साखळीपर्यंतचा धागा जोडून दाखवला. बीडमध्ये जे सगळ्यांना ठाऊक होते ते कोका-कोलाच्या अटलांटात बातमी झाले.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर हे चित्र एकांगी होईल. मुकादमही कर्जातच असतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही, एकाच कोयत्याने दोन मुकादमांकडून पैसे घेतले, असे प्रकार दर हंगामात घडतात आणि वाहतूकदारांनी पोलिसांत दिलेल्या फसवणुकीच्या तक्रारींचे गठ्ठे साठतात. ट्रॅक्टर विकून उचलीचे पैसे भरणारे वाहतूकदार आहेत. मग वसुलीसाठी माणसे गावात जातात आणि एखाद्याला उचलून आणतात. जिथे कायदेशीर करारच नाही तिथे वसुलीही कायद्याबाहेरच होणार. उचलीची पद्धत वरच्याला बेभरवशाची आणि खालच्याला घातक, अशी दुहेरी तोट्याची आहे. तरीही ती टिकते, कारण हंगामाच्या पहिल्या दिवशी माणसांची हमी देणारी दुसरी व्यवस्था कुणी उभी केलेली नाही.

कंपन्यांवर जबाबदारी टाकण्याची आजची लाट बाहेरून आली. कॅलिफोर्नियाचा पारदर्शकतेचा कायदा २०१० चा. ब्रिटनचा आधुनिक गुलामी कायदा २०१५ चा. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या आणि ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक कंपनीने दरवर्षी निवेदन काढावे, ते संचालक मंडळाने मंजूर करावे, संचालकाने त्यावर सही करावी, असे त्याचे ५४ वे कलम सांगते. भारतीय समूहांच्या तिकडच्या कंपन्याही अशी निवेदने काढतात. गंमत अशी की ‘आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत’ एवढेच लिहिले तरी कायद्याची पूर्तता होते. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२३ पासून त्याहून कडक नियम आणले, ऑस्ट्रेलियाचा कायदा २०१८ चा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमाने बनलेल्या वस्तूंना बाजारबंदी घालणारा नियम केला, तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. आपल्याकडे सेबीने आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जो शाश्वतता अहवाल सक्तीचा केला त्यातही सक्तीच्या श्रमाबद्दलच्या तक्रारींचा एक रकाना आहे. रकान्यात शून्य लिहिण्याची दोन कारणे असू शकतात: तक्रार घडली नाही, किंवा तक्रारीला वाट नव्हती. अहवाल वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळत नाही.

तपासणीची पद्धतही त्या रकान्यासारखीच. तपासनीसाची गाडी कारखान्यावर येते. गेस्ट हाउसमध्ये नाश्ता होतो. मग बॉयलरजवळची सुरक्षा, हेल्मेट, अग्निशामक नळकांडी, कायम आणि हंगामी कामगारांचे हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीची चलने, उपाहारगृहाची स्वच्छता. सगळे जागेवर असते. कुंपणापलीकडच्या माळावर कोप्यांची वस्ती असते. तिचा हजेरीपटच नाही, त्यामुळे ती तपासणीत येत नाही. प्रमाणपत्र खोटे नसते. ते फाटकापर्यंतचे असते.

याहून वेगळे काही करता येते का? येते, आणि त्याची उदाहरणे पाठ्यपुस्तकी नाहीत. ब्रिटनमध्ये मोरकँबे उपसागराच्या वाळूत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. त्यांना तिथे नेणारा होता एक गँगमास्टर, म्हणजे आपला मुकादमच. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने मुकादमांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. शेती, शिंपले आणि अन्नप्रक्रिया यांत बिनपरवाना मजूर पुरवणे हा गुन्हा ठरला, आणि महत्त्वाचे म्हणजे अशा मुकादमाकडून माणसे घेणे हाही गुन्हा ठरला. ‘मजूर मुकादमाचे’ हे उत्तर तिथे एका रात्रीत निरुपयोगी झाले.

दुसरे उदाहरण फ्लोरिडातल्या इमोकाली या गावचे. तिथल्या टोमॅटोच्या मळ्यांत मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले मजूर राबत. मजुरांना कोंडून ठेवल्याचे खटले तिथे उभे राहिलेले होते. मजुरांच्या संघटनेने मळेवाल्यांशी भांडून पाहिले, पण मळेवाल्याला दर ठरवून देणारा गिऱ्हाईक वेगळाच होता. म्हणून २००१ मध्ये त्यांनी टाको बेल या उपाहारगृहांच्या साखळीवर बहिष्कार पुकारला. चार वर्षांनी कंपनी नमली. मागणी होती पौंडामागे एक सेंट जादा देण्याची. पुढे मॅकडोनाल्ड्स, वॉलमार्टही आले आणि २०११ पासून फ्लोरिडातल्या बहुतेक टोमॅटो मळ्यांत ही व्यवस्था लागू झाली. तिच्यात एक कलम बादलीबद्दल आहे. पूर्वी ३२ पौंडांची बादली काठोकाठ भरून चालत नसे, वर शीग लावावी लागे. शिगेचे टोमॅटो फुकट. शीग बंद झाली. मजुरांसाठी चोवीस तास फोन आहे, तो त्यांच्या भाषेत उचलला जातो, आणि ज्या मळ्यात सक्तीचे श्रम सापडतील त्याचा माल करारातल्या कंपन्या घेत नाहीत. मळेवाल्याला धाक पोलिसांपेक्षा त्या शेवटच्या कलमाचा जास्त.

एक सेंटची गोष्ट मराठी हिशेबात बसवून पाहण्यासारखी आहे. टनभर उसातून साधारण शंभर किलो साखर निघते असे धरले, तर ३६६ रुपये तोडणी म्हणजे किलोमागे साडेतीन-पावणेचार रुपये. पाव लिटर शीतपेयात पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर धरली तर एका बाटलीतली तोडणी नऊ-दहा पैशांची भरते. ती दुप्पट केली तर आणखी दहा पैसे. आज हे दहा पैसे कुणी देत नाही, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून कापला जातो आणि मजुराची वाढ शेतकऱ्याच्या ताटातून जाते. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिला. भाव पाडून घेण्याचे कौतुक ज्या खरेदी विभागात होते, तिथूनच शेजारच्या टेबलावर मानवी हक्कांचे धोरण छापायला जाते. ही दोन टेबले एकमेकांशी बोलत नाहीत, हा बहुतेक कंपन्यांतला खरा आजार.

कर्जच मुळाशी असेल तर परतफेडही कंपनीने करायची असते, हे मलेशियातल्या हातमोजे उद्योगाने दाखवले, अर्थात नाक दाबल्यावर. टॉप ग्लव्ह या जगातल्या मोठ्या उत्पादकाचा माल अमेरिकेने जुलै २०२० मध्ये सक्तीच्या श्रमाच्या संशयावरून अडवला. बांगलादेश-नेपाळमधल्या मजुरांनी नोकरीसाठी दलालांना दिलेले पैसे कंपनीला परत करावे लागले; रक्कम सुमारे १५ कोटी रिंगिट. सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. नोकरी मिळवण्याचा खर्च मजुराने नव्हे, मालकाने सोसावा हे तत्त्व त्याआधी परिषदांत बोलले जाई. महासाथीत हातमोज्यांना सोन्याचा भाव असताना अडलेल्या कंटेनरांनी ते ताळेबंदात उतरवले.

आणि हे फक्त दूरच्या साखळीत घडते असे समजून कुणी निर्धास्त राहू नये. औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कंपनीने आपल्या फाटकाच्या आत नजर टाकावी. सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, सगळे ठेकेदारांकडे. पगार बँकेत जमा होतो, कागद चोख. मात्र कामगारांची एटीएम कार्डे ठेकेदाराच्या माणसाच्या खिशात रबर लावून ठेवलेली असू शकतात, आणि पगाराच्या संध्याकाळी एकाच मशीनसमोर एकच माणूस वीस कार्डे फिरवतो. हे शोधायला परदेशी सल्लागार लागत नाही. कामगाराला एकट्याला गाठून, त्याच्या भाषेत, ‘कार्ड कुठे आहे?’ एवढे विचारावे लागते.

ही पुस्तिका अशा विचारण्यासाठी आहे. तिचा वाचक कायदेतज्ज्ञ नाही. तो खरेदी विभागातला, मनुष्यबळ विभागातला, कारखान्याच्या शेतकी कार्यालयातला माणूस आहे. त्याने पोत्याचा माग वर काढण्याऐवजी पैशाचा माग खाली काढावा, एवढाच तिचा आग्रह: आपण दिलेला रुपया कुठल्या हातात गेल्यावर कर्ज होतो? मजुरी जोडीतल्या दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा करता येईल का? खाड्याचा दंड बंद करून आजारपणाची रजा करारात घालता येईल का? उचल लागणारच असेल तर ती कारखान्याने थेट, बिनव्याजी, ठरलेल्या मर्यादेत, लेखी देता येईल का, आणि हंगाम संपला की उरलेली बाकी माफ होईल का? आणि काही सापडले तर पुरवठादार तोडून हात झटकू नयेत. कारखाना बदलला तर साखर दुसऱ्या काट्यावरून येते. जोडी त्याच उचलीवर तिसऱ्या फडात जाते.

महाराष्ट्र सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापले आहे. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, अशी त्याची तजवीज. ओळखपत्रे, मुलांसाठी वसतिगृहे, विमा यांवर काम सुरू झाले आहे. दुसरीकडे तोडणी यंत्रे वाढत आहेत आणि कोयता सुटेल, की कोयत्याबरोबर भाकरीही, ही काळजी तांड्यांवर आहे. या सगळ्याचा निकाल लागायला वेळ लागेल.

तपासणीचे वेळापत्रक मात्र आताच बदलता येण्यासारखे आहे. ते बहुधा गाळपाच्या तारखांवर बेतलेले असते, नोव्हेंबर ते मार्च. त्या वेळी वहीतली पाने भरून महिने उलटलेले असतात. वही उघडते जून-जुलैत, पहिल्या पावसाच्या सुमारास, बाजारच्या दिवशी, चहाच्या टपरीवर. कोण किती कोयते नेणार, कुणाकडे मागची बाकी किती, कुणाचा पोरगा आता सोळाचा झाला म्हणून त्याचाही अर्धा कोयता धरायचा, हे तिथे ठरते. बीड, वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार. पुण्याहून सकाळी निघाले तर दुपारच्या चहाला पोहोचता येते.